इंग्लंडमधली जुनी गावं: नुसती बघण्यासारखी की राहण्यासारखीसुद्धा? भाऊ तिकडे घर घ्यायचं म्हणतोय

म्हार्दोळची_लेक

नमस्कार मंडळी. मी म्हार्दोळची. धाकटा भाऊ गेली अकरा वर्षं स्विंडनला आहे, आपले गोव्याचे किती लोक तिकडे आहेत ते इथे कुणाला सांगायला नको. ह्या ऑगस्टात मी आणि आई तीन आठवडे त्याच्याकडे जातोय, चवथीच्या आधी काही झालं तरी परत यायचंय. लंडनला दोन दिवस, बाकी सगळे दिवस त्याच्याकडेच.

तो सारखा म्हणतोय की लंडन काय, कुठलंही मोठं शहर तसंच असतं, तुम्ही इकडची जुनी गावं बघा. फोटो पाठवतो, कॅसल कूम, बिबरी, लॅकॉक, एव्हबरी. दगडी घरं, घराला लागून ओढा, भिंतीवर गुलाब चढलेला. छानच दिसतं, त्यात काही वाद नाही. पण तिथे जाऊन नेमकं करायचं काय हे मला अजून कळलेलं नाही. आई तर सरळ विचारते, देऊळ नाही दर्या नाही, मग लोकांच्या घराकडे बघत रस्त्यात उभं राहायचं का? आणि तिचं मला चुकीचं वाटत नाही, कारण माझी एक मैत्रीण पणजीच्या फोंताईन्हासमध्ये राहते, तिच्या म्हाताऱ्या सासूला सकाळी दार उघडायची सोय राहिली नाही, पायरीवर कोणतरी फोटो काढत बसलेलंच असतं. तेच आपण दुसऱ्याच्या दारात जाऊन करायचं हे मनाला पटत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि खरी काळजी हीच आहे. भावाला अशाच एका गावात जुनं घर भाड्याने घ्यायचंय, जमलं तर पुढे विकतसुद्धा. म्हणतो, स्विंडनमध्ये राहून मला गाव मिळालंच नाही, मुलं शाळेतून येतात आणि घरात बसतात. भावजय घाबरलीय. तिचं म्हणणं तिथे आपलं माणूस नाही, दुकान नाही, बस नाही, आजारी पडलं तर काय. दोघांचं रोज ह्याच्यावरून चालू आहे आणि दोघंही मला फोन करून सांगतात.

तर प्रत्यक्ष गेलेल्यांनी, राहिलेल्यांनी सांगा. आई ७१ वर्षांची आहे, सपाटीवर तासभर आरामात चालते, चढ आला की गुडघा धरते. देव बरें करूं.

चिपनम_रिटर्न

मी सहा वर्षं चिपनमला होतो, केअर होममध्ये नाईट ड्युटी, आता परत म्हापशाला. लॅकॉक तिथून जेमतेम पाच किलोमीटर, ड्युटी संपवून सकाळी कितीतरी वेळा चालत गेलोय, म्हणून त्याच्याबद्दल हक्काने लिहितो.

आईंना एकच ठिकाण दाखवायचं असेल तर लॅकॉक. गाव म्हणजे चार रस्ते, चौकटीसारखे एकमेकांना मिळालेले, आणि बहुतेक सपाट, त्यामुळे गुडघ्याला त्रास नाही. वर बघा, एकही वायर दिसत नाही, घरांवर ॲन्टेना नाहीत. हे आपोआप झालेलं नाही हो. आपल्याकडे जसा भाटकार, म्हणजे जमीनदार, असतो तसं हे अख्खं गाव पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्याचं होतं, टॅल्बट म्हणून. त्यातल्या शेवटच्या मालकीणबाई, मटिल्डा टॅल्बट, त्यांनी १९४४ साली गाव आणि आपला वाडा दोन्ही नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकलं. म्हणून आजही जवळजवळ सगळी घरं ट्रस्टचीच आहेत, आत भाडेकरू राहतात, त्यांची मुलं तिथल्या शाळेत जातात.

तो वाडा म्हणजे मुळात जोगिणींचा मठ. सॉल्झबरीची काउंटेस एला, नवरा वारल्यावर तिने १२३२ साली बांधायला घेतला आणि पुढे स्वतःच त्या मठाची प्रमुख झाली. तीनशे वर्षांनी आठव्या हेन्रीने देशातले मठ बंद केले तेव्हा एका सरदाराने तो विकत घेऊन चर्च पाडलं आणि बाकीच्याचं घर केलं, पण चारी बाजूंच्या कमानींच्या ओवऱ्या ठेवल्या. आईंना तिथे थोडा वेळ बसवा. मी ज्या ज्या वेळी गेलो त्या त्या वेळी मला मंगेशीच्या अग्रशाळेतला दुपारचा गारवा आठवला, का ते सांगता येणार नाही.

आणि फोटोचा विषय तुम्ही काढलात म्हणून सांगतो. ह्याच घरात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट राहायचे, त्यांनी १८३५ च्या ऑगस्टात घरातल्या एका जाळीदार खिडकीचं कागदावर निगेटिव्ह काढलं, पोस्टाच्या तिकिटाएवढं. आज जगात शिल्लक असलेलं सगळ्यांत जुनं निगेटिव्ह तेच. खिडकी अजून आहे. तिच्यासमोर उभं राहून बाहेर बघायचं. आज आपण खिशातून मोबाईल काढून फोटो घेतो त्याची सुरुवात ह्या एवढ्याशा चौकटीतून झाली हे तिथे उभं राहिल्यावर जसं जाणवतं तसं वाचून नाही जाणवत.

मठाबाहेर चौदाव्या शतकातलं कोठार आहे, नुसतं आत जाऊन लाकडी तुळया बघा. कुळं खंड म्हणून धान्य, लोकर, कातडी आणून घालायची ती तिथे. शेजारी एक छोटी दगडी खोली आहे बिनखिडकीची, दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला रात्रभर कोंडायची.

कॅसल कूम दिसायला जास्त सुंदर, पण गाडी वर टेकडीवर लावून खाली उतरावं लागतं आणि परत चढायचं. आईंना जड जाईल, भावाला वाटेत गावात सोडायला सांगा. तिथल्या चर्चमध्ये बिनतबकडीचं घड्याळ आहे, इंग्लंडमधल्या सगळ्यांत जुन्या चालू घड्याळांपैकी एक. काटे नाहीत, ते नुसतं ठोके देतं. शेतातल्या माणसाला ऐकू गेलं की झालं, त्याला काटे बघायला कोण येणार होतं.

वेळ मात्र सांभाळा. ऑगस्ट म्हणजे तिकडच्या शाळांची सुट्टी. साडेनऊच्या आधी किंवा पाचनंतर जा. मठाची वेळ आधी बघून ठेवा, पण गाव बघायला तिकीट नाही, आणि ऑगस्टात साडेआठपर्यंत उजेड असतो.

पर्रेचो_माड

मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. आम्ही गेल्या वर्षी टूरच्या बसने बिबरीला गेलो. चाळीस मिनिटं दिली. आर्लिंग्टन रो म्हणून जी प्रसिद्ध घरांची रांग आहे तिच्यासमोर माणसांचीच रांग, एकामागे एक बस येतेय, घरांच्या छोट्या दारांवर आत येऊ नका म्हणून पाट्या. आत माणसं राहतात हो त्या! मी पर्रेचा, आमच्या माडांच्या रस्त्यावर गाड्या थांबवून लोक काय करतात ते मी रोज बघतो, त्यामुळे मला तिथे फोटो काढायची लाज वाटली आणि मी बसमध्ये जाऊन बसलो. मग गाइडने सांगितलं की ही घरं १३८० च्या सुमाराला मठाची लोकर ठेवायला बांधलेली वखार होती, सतराव्या शतकात तिची विणकरांची घरं केली, समोरच्या ओल्या कुरणात कापड वाळत घालायचे. ते ऐकून वाटलं, आधी सांगितलं असतं तर मी ते कुरण तरी नीट बघितलं असतं. ताई, टूरने जाऊ नका एवढंच माझं म्हणणं.

चिरेबंदी

मी मडगावला जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो, शिकायला दोन वर्षं इंग्लंडमध्ये होतो. तुमच्या भावाच्या घराबद्दल लिहितो, कारण ह्या बाबतीत माणसं फुलं बघून सही करतात.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, ही गावं जशी दिसतात तशी का राहिली. ह्या भागात पैसा आला तो मेंढीच्या लोकरीतून. कापड विणायचं, विकायचं, त्या पैशातून चर्च आणि घरं बांधायची. पुढे यंत्रं आली, कोळसा उत्तरेकडे होता, गिरण्या तिकडे गेल्या, आणि इथे जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसाच उरला नाही. म्हणून राहिलं. दगड तिथलाच, जमिनीखाली मधासारख्या रंगाचा चुनखडक, आपल्याकडे जसा घरामागे खणून चिरा काढायचे तसाच. म्हणून गाव जमिनीतून उगवल्यासारखं वाटतं. थोडं पुढे गेलात की दगड बदलतो आणि गावाचा रंगही बदलतो. आणि जिथे दगड नाही तिथे लाकडी सांगाडा, मध्ये काठ्या विणलेल्या, वर माती, पेंढा आणि शेण. म्हणजे आपला कुड! लॅकॉकमध्येसुद्धा अशी घरं आहेत. मी पहिल्यांदा उघडी भिंत बघितली तेव्हा आजीच्या घराची मागची पडवी आठवली. आपण कुडाचं घर पाडलं की सुटलो म्हणतो, तिकडे पाचशे वर्षांच्या कुडात माणसं वायफाय लावून राहतात.

आता कायदा. अशा गावातलं घर बहुतेक वेळा लिस्टेड असतं, म्हणजे सरकारी यादीत नोंदलेलं. तीन दर्जे आहेत, नव्वद टक्क्यांहून जास्त घरं त्यातल्या सगळ्यांत खालच्या, ग्रेड टूमध्ये. खालचा दर्जा म्हणून हलक्यात घ्यायचं नाही. त्या घराचं रूप बदलणारं काहीही करायचं तर कौन्सिलची परवानगी लागते, खिडकी बदलायची, आतली भिंत काढायची, जुनी चूल बुजवायची, आतलं आणि बाहेरचं दोन्ही. विनापरवाना केलंत तर तो फौजदारी गुन्हा आहे. आणि भावाला हे अधोरेखित करून सांगा की आधीच्या मालकाने चोरून केलेलं कामसुद्धा काढून पूर्ववत करायची नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते. विकत घेण्याआधी कागद नीट तपासणारा माणूस लावायचा, तिथे पैसे वाचवायचे नाहीत. शिवाय गावाचा जुना भाग कॉन्झर्व्हेशन एरिया, म्हणजे जुनं रूप जपायला ठरवलेला भाग, असेल तर, हे १९६७ च्या कायद्यापासून आलं, परसातलं झाड तोडायचं असलं तरी सहा आठवडे आधी कळवावं लागतं.

गवती छपराचं घर असेल तर अजून जपून. चांगलं रीड, म्हणजे पाणथळीतलं लांब गवत, घातलेलं छप्पर पंचवीस-तीस वर्षं सहज जातं, पण वरचा कणा दर दहा-पंधरा वर्षांनी नवा करावा लागतो आणि ते काम करणारे कारागीर थोडे, महाग. विमाही जास्त पडतो. आणि जुन्या भिंतीला सिमेंट लावू द्यायचं नाही, चुनाच. भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट सिमेंट बंद करतं आणि भिंत आतून कुजते. हे मी आपल्याकडच्या मातीच्या घरांत दरवर्षी बघतो, लोकांना सांगून सांगून दमलो.

एवढं सगळं लिहिलं म्हणून मी विरोधात आहे असं नाही. ते नियम जाचक आहेत आणि त्या नियमांमुळेच ते गाव आहे. आपल्याकडे शिंपल्यांच्या खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियम बसवताना कुणी विचारत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एका वर्षात एका वाड्यावरची तीन घरं गेली.

म्हार्दोळची_लेक

बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. कुडाचं आईला वाचून दाखवलं, ती एकदम खूश, म्हणाली तर मग जाऊया, गोऱ्यांचं कुडाचं घर बघूया. म्हणजे निम्मं काम झालं. पण रोजचं राहणं कसं असतं ते कुणी सांगेल का? भावजयीला पाठवायचंय. ती नर्सरीत काम करते, गाडी चालवत नाही.

डिचोली_ते_ग्लॉस्टरशर

बाय, मी सांगते. मी डिचोलीची, लग्नानंतर आठ वर्षं ग्लॉस्टरशरमधल्या एका छोट्या गावात राहते, घरं असतील सत्तरेक. गावाचं नाव इथे लिहीत नाही, पण भावजयीला माझ्याशी बोलायचं असेल तर मला निरोप टाका.

पहिली गोष्ट, तिला गाडी शिकायला सांगा. ह्यात दुमत नाही. आमच्याकडे बस दिवसातून चार, रविवारी एकही नाही. मी पहिली दोन वर्षं नवऱ्याच्या वेळापत्रकावर जगले आणि त्या दोन वर्षांत मी फार रडलेय. लायसन मिळालं आणि तेच गाव मला दुसरं दिसायला लागलं. गॅसची पाइपलाइन नाही, परसात तेलाची टाकी असते, हिवाळ्याआधी टँकर येऊन भरून जातो, विसरलात तर थंडीत कुडकुडायचं. ड्रेनेज नाही, सेप्टिक टँक, ते आपल्याला काही नवीन नाही. रस्त्यावर दिवे नाहीत. डिसेंबरात चार वाजता काळोख होतो आणि तो काळोख खरा असतो, आपल्या गावात लाइट गेल्यावर असतो ना तसा. टॉर्च दाराशी टांगलेली असते. डॉक्टर चार मैलांवर. हे सगळं तिला सांगा, काही लपवू नका.

आता दुसरी बाजू. आमच्याकडचं दुकान बंद पडणार होतं तेव्हा गावाने मिळून ते चालवायला घेतलं, आता आम्ही पाळीपाळीने गल्ल्यावर बसतो, माझी मंगळवार सकाळ. त्या एका सकाळीने मला गाव दिलं. कोण कुणाची सून, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाला आज दूध घरपोच द्यायचंय, सगळं कळतं. डिचोलीला तिंट्यावर जे कळायचं तेच. जुना लाल टेलिफोन बूथ कंपनी काढणार होती, तो गावाने एका पौंडाला घेतला आणि आता त्यात हृदय बंद पडलं तर वापरायचं मशीन ठेवलंय. गेल्या वर्षी ते एकदा लागलं. माणूस वाचला.

चर्चच्या घंटांचं सांगते, कारण मी त्या वाजवते. हसू नका, खरंच. मला कुणीतरी सहज विचारलं की गुरुवारी संध्याकाळी सराव असतो, एक माणूस कमी आहे, येशील का, धर्म कुठला ते कुणी विचारलं नाही. तिथे घंटांवर गाणं वाजवत नाहीत, क्रम वाजवतात. सहा घंटा, प्रत्येक फेरीत क्रम बदलायचा, एकही क्रम परत येऊ द्यायचा नाही. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, पूर्ण करायला पंचवीस मिनिटांच्या आसपास. दोर हातात असतो, घंटा वर पूर्ण गोल फिरते, दिसत नाही, त्यामुळे सगळं कानावर आणि बाजूच्या माणसाच्या हातावर. लहानपणी चवथीला बाबांच्या घुमटाला मी झांज धरायचे, एक ठोका इकडचा तिकडे झाला की बाबा डोळे वटारायचे. ते शिक्षण इथे कामी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आणि सगळ्यांत मोठं सुख म्हणजे वाटा. इंग्लंड-वेल्समध्ये मिळून सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास पायवाटा आणि बैलगाडीच्या जुन्या वाटा कायद्याने लोकांसाठी खुल्या आहेत, त्या माणसांच्या शेतातून, कधी अंगणाला लागून जातात. शेतकऱ्याने वाटेवर नांगर घातला तर ठरलेल्या दिवसांत वाट परत मोकळी करून द्यावी लागते. कुंपण आलं की ओलांडायला लाकडी पायरी. मी सासूबाईंना घेऊन गव्हातून चर्चपर्यंत जाते तेव्हा डिचोलीची आमची नदीकडची वाट आठवते, लहानपणी तीन भाटांतून जायचो, आज तिथे गेट आणि कॅमेरा आहे. मुलांना गाव हवंय असं भाऊ म्हणतो ना, ते गाव वाटांत असतं. माझी मुलं शाळेतून येऊन बूट बदलतात आणि बाहेर. हे मी पैशांत मोजू शकत नाही.

लगेच विकत घेऊ नका. एक हिवाळा भाड्याने राहा. ऑक्टोबर ते मार्च. ज्याला फेब्रुवारीतलं गाव आवडलं त्याला ते गाव आवडलं.

जाता जाता, एव्हबरी चुकवू नका, स्विंडनहून डिव्हायझेसला जाणाऱ्या बसने सरळ जाता येतं. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं दगडांचं वर्तुळ, जगातलं सगळ्यांत मोठं, आणि गावाचा भाग त्या वर्तुळाच्या आत. रस्ता वर्तुळातून जातो, गवती छपराचा पब वर्तुळात. स्टोनहेंजला दोरीच्या बाहेरून बघावं लागतं, इथे दगडाला हात लावता येतो, मेंढ्या अंग घासत असतात. मध्ये कित्येक दगड लोकांनी आग लावून, पाणी ओतून फोडले आणि घरांना वापरले, उरलेल्यांपैकी पुरलेले दगड १९३० नंतरच्या दशकात अलेक्झांडर किलर नावाच्या माणसाने आपल्या मुरंब्याच्या धंद्याचा पैसा घालून उभे केले. एका दगडाखाली त्याला मध्ययुगातल्या माणसाचा सांगाडा सापडला, कात्री आणि नाणी जवळ. आईंना तिथे कंटाळा येणार नाही, मी माझ्या आईला नेलं होतं, ती प्रत्येक दगडाला नमस्कार करत फिरली.

वालकिणीचो

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. तुम्ही ऑगस्टात जाताय म्हणून.

आम्ही मूळ कुर्डीचे. साळावलीच्या धरणात गाव गेलं तेव्हा मी सहावीत होतो, आम्हाला वालकिणीला जागा दिली. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी, बाहेरच्यांना तेवढंच माहीत असतं. महादेवाचं जुनं देऊळ दगड-दगड सुटा करून दुसरीकडे परत बांधलं, पण घरं कोण उचलणार. दरवर्षी मे महिन्यात पाणी खाली गेलं की जोती दिसायला लागतात आणि आम्ही जातो, हिंदू सोमेश्वराकडे, ख्रिस्ती आपल्या कपेलाच्या जागी. ही आमची जत्रा.

मुलगी बाथला शिकत होती, तिच्याकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, बाबा तुम्हाला एका गावाला नेते, काही विचारू नका. वॉर्मिन्स्टर स्टेशनच्या बाहेर लंडनच्या जुन्या लाल डबलडेकर बसेस उभ्या. वर्षातून एकदा, ऑगस्टातल्या एका शनिवारी, त्या बसेस सैन्याच्या हद्दीतून इंबर नावाच्या गावाला जातात. एरवी आत जायची बंदी. १ नोव्हेंबर १९४३ ला गावातल्या माणसांना शाळेत बोलावून सांगितलं की अमेरिकन सैनिकांच्या सरावाला गाव हवंय, ४७ दिवसांत निघा. दीडशेच्या आसपास माणसं. युद्ध संपल्यावर परत येऊ अशीच लोकांची समजूत होती. कुणाला परत येऊ दिलं नाही. गावचा लोहार ऐरणीवर डोकं ठेवून रडताना दिसला असं तिथे सांगतात, काही आठवड्यांतच तो गेला, आणि पुरायला त्याला इंबरलाच आणलं. १९६१ च्या जानेवारीत, ज्या वर्षी आपला गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, दोन हजारांवर लोक रस्ता मागत गावात घुसले. त्या लढ्यामुळे निदान चर्च तरी ठरावीक दिवशी उघडतात.

बसमधून उतरलो. छप्परं नसलेल्या भिंती, लष्कराने सरावासाठी बांधलेली रिकामी खोकी, जुना पब, आणि वर टेकडीवर सेंट जाइल्सचं चर्च, व्यवस्थित सांभाळलेलं. आत चहा आणि केक होता. फोटो मांडले होते, लग्नाचे, शाळेचे, मेंढ्या कातरतानाचे. एक म्हातारे गृहस्थ फोटोतल्या घरावर बोट ठेवून नातवाला काहीतरी सांगत होते, मला सगळं इंग्रजी कळलं नाही पण बोट कशासाठी फिरतंय ते कळलं. मी मे महिन्यात मुलीला तेच करतो. इथे चूल होती. इथून विहिरीकडे जायचं. मी त्यांना मोबाईलवर कुर्डीचे फोटो दाखवले, पाण्यातून वर आलेली जोती. ते बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी मला चहा आणून दिला.

फुलांची गावं बघाच तुम्ही. पण तो शनिवार तुमच्या तीन आठवड्यांत येत असेल तर एक दिवस इंबरला द्या. तारीख आधी बघून ठेवा.

चिपनम_रिटर्न

सहा वर्षं जवळ राहून मी इंबरला गेलो नाही. वालकिणीकर बाब, लिहिलंत ते बरं केलंत.

म्हार्दोळची_लेक

तारीख बघितली, बसतेय! आम्ही पोचल्यावर दुसऱ्याच शनिवारी. कुर्डीचं आईला वाचून दाखवताना मला मध्ये थांबावं लागलं. तिची एक चुलत आत्या कुर्डीत दिलेली होती, हे मला आज पहिल्यांदा कळलं. आई म्हणते ह्या गावाला मी येणारच, चढ असला तरी.

भावाशी बोलले. विकत घ्यायचं सध्या रद्द. एका गावात मार्चपर्यंत भाड्याने बघतोय, आणि भावजयीने ड्रायव्हिंगचा पहिला क्लास बुक केला, ही मोठी गोष्ट. चिरेबंदी बाब, लिस्टेडचं सगळं त्याला पाठवलंय, तो म्हणतो आधीच्या मालकाच्या कामाची जबाबदारी आपल्यावर येते हे त्याला माहीतच नव्हतं.

बिबरीला टूरने जाणार नाही. लॅकॉक संध्याकाळी, एव्हबरी बसने. पर्रेकर बाब, दारांपासून लांब राहू.

डिचोलीच्या बाय, तुम्हाला निरोप टाकलाय. गुरुवारी सराव असतो म्हणालात, आम्ही येऊन बाहेर उभं राहून ऐकलं तर चालेल?

डिचोली_ते_ग्लॉस्टरशर

बाहेर कशाला, वर या. आईंना मात्र खालीच बसवू, जिना अरुंद आणि गोल आहे, दोर धरून चढावं लागतं. साडेसातला सुरू होतं. त्याआधी घरी जेवायला या सगळे, भाऊ-भावजयीसकट, शीत-कडी करते. येताना म्हार्दोळची सोलं आणाल थोडी? माझी जूनमध्येच संपली.